आकडा पोचला, जागा पोचली का?

पुण्याचे अक्षांश-रेखांश काय, असं विचारलं तर साडेअठरा अंश उत्तर आणि जवळजवळ चौऱ्याहत्तर अंश पूर्व, असं भूगोलाचा कुठलाही जुना विद्यार्थी सांगेल. (निदान माझ्या वर्गातला तरी सांगेल, अशी आशा आहे!) आता हेच दोन आकडे संगणकावरच्या नकाशाला उलट्या क्रमानं द्या. पुणं उचललं जातं आणि थेट आर्क्टिक समुद्रात जाऊन पडतं. नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्या मधोमध बेअर बेट नावाचा एक एकाकी ठिपका आहे, त्याच्या दक्षिणेला पन्नास-साठ किलोमीटरांवर, बर्फाळ पाण्यात. आकडे दोन्ही अगदी बरोबर. जागा मात्र साफ चुकलेली.

जीपीएस यंत्रातली माहिती संगणकातल्या नकाशात आणणं हा विषय तसा तांत्रिक. इतिहासाच्या मास्तरानं त्यावर का लिहावं, असं कुणालाही वाटेल. पण गेली काही वर्षं माझे काही जुने विद्यार्थी सह्याद्रीतल्या मोडत चाललेल्या घाटवाटांची नोंद करत आहेत. ते डोंगर चढतात, मी टेबलाशी बसून गावांची नावं तपासतो. (गुडघे आता तेवढंच करू देतात.) ते करताना माझ्या लक्षात आलं, की यंत्रातून नकाशात येणारा हा आकड्यांचा प्रवास म्हणजे दोनशे वर्षांची गोष्ट आहे. आणि त्या गोष्टीचं सार एवढंच, की नुसता आकडा म्हणजे जागा नव्हे. तो कुठून मोजला, कुठल्या मापात, कुठल्या क्रमानं, कुणाच्या घड्याळाप्रमाणे, हे त्याच्याबरोबर पोचलं तरच जागा पोचते.

सुरुवात जुन्या काळापासूनच करू.

१० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन यानं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पहिली पायारेषा मोजायला घेतली. शंभर फुटांची पोलादी साखळी पुन्हा पुन्हा मांडत साडेसात मैलांची ती रेषा मोजायला सत्तावन्न दिवस लागले. त्या एका रेषेवर पहिला त्रिकोण, त्याच्या बाजूवर दुसरा, असं करत त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत गेली. अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवून कोन मोजले जात. लॅम्बटन हे काम करता करताच जानेवारी १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबरही तिथेच आहे. विदर्भातल्या नातेवाइकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. भारताच्या नकाशाचा पाया घालणारा माणूस तुमच्या गावात विसावलेला आहे.

पण माझं लक्ष जातं ते थिओडोलाइटकडे नाही, त्याच्या शेजारच्या वहीकडे. डोंगरावर मोजलेला कोन वहीत उतरवायचा. वही कचेरीत न्यायची. तिथे गणित करणारे लोक बसलेले असत. त्यांच्या पदाचं नावच मुळी 'कॉम्प्युटर' होतं, म्हणजे संगणक. त्या काळी संगणक हाडामांसाचा होता! राधानाथ सिकदार हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव. १८३१ साली ते सर्वेक्षणात लागले. पुढे 'शिखर पंधरा' म्हणून नोंदलेल्या एका डोंगराची उंची गणितानं काढण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८५६ मध्ये ती २९,००२ फूट अशी जाहीर झाली. आज आपण त्याला एव्हरेस्ट म्हणतो. शिखरावर कोणीही गेलं नव्हतं. मैदानातून मोजलेले कोन वहीतून कचेरीत पोचले आणि कागदावर जगातलं सर्वांत उंच शिखर उभं राहिलं. यंत्रातून नकाशात माहिती नेणं म्हणतात ते हेच.

याहून नवलाची गोष्ट नैनसिंह रावत यांची. तिबेटात परक्यांना बंदी, म्हणून हे कुमाऊंचे शिक्षक (होय, आमच्याच बिरादरीतले) यात्रेकरूच्या वेषात निघाले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले. ठराविक लांबीची पावलं टाकण्याचा त्यांचा सराव होता. हातातल्या माळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा, म्हणजे पूर्ण माळ फिरली की दहा हजार पावलं. मुक्कामाला पाणी उकळून त्याच्या तापमानावरून उंची काढायची आणि सगळी टिपणं प्रार्थनाचक्राच्या पोटात लपवायची. तिथे मंत्राचे कागद असतात, ते कोण उघडून बघणार? परत आल्यावर ते कागद सर्वेक्षणाच्या लोकांच्या हाती पडले आणि नकाशावरची कोरी जागा भरली. माळ हे मोजणीयंत्र, प्रार्थनाचक्र ही साठवणीची जागा, आणि नैनसिंहांचे पाय ही केबल! पण मणी शंभरच आहेत आणि पाऊल इतक्या इंचांचं आहे, हे कचेरीला माहीत नसतं तर त्या आकड्यांना काय किंमत होती?

आपल्याकडच्या जमीनमोजणीचंही तसंच. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली. शेतावर ३३ फुटांची साखळी पडायची. तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. हे सगळं उतरायचं 'टिपणा'त. ज्यांनी भावकीतले बांधाचे तंटे पाहिले आहेत त्यांना टिपणाचं महत्त्व मी सांगायला नको. पण टिपणाला जग ठाऊक नसतं. या दगडापासून त्या बांधापर्यंत इतक्या साखळ्या, एवढंच ते सांगतं. दगड हलला की टिपण मुकं होतं.

जीपीएसनं नेमका हा दगड काढून आकाशात नेऊन ठेवला. तो हलतो, पण कुठे हलतो हे दर क्षणी माहीत असतं!

ही व्यवस्था अमेरिकेच्या संरक्षण खात्याची. काम १९७३ मध्ये ठरलं आणि पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये गेला. उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सांगत राहतो. खालचं यंत्र निदान चार उपग्रहांचं ऐकून, संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून आपली जागा ठरवतं. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेलं एक कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानानं पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर त्याच महिन्यात रेगन यांच्या सरकारनं ही व्यवस्था तयार झाल्यावर नागरी वापरालाही खुली करू, असं जाहीर केलं. मात्र नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे जागा शंभर मीटरांपर्यंत इकडेतिकडे व्हायची. ही मिसळ २ मे २००० च्या सुमारास, एका रात्रीत, बंद झाली. दुसऱ्या दिवशी जगभरातली तीच यंत्रं, काही न बदलता, कितीतरी अचूक झाली होती. असं भाग्य फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येतं.

हातात मावणारी यंत्रं १९८९ पासून बाजारात होती, पण सामान्य गिर्यारोहकाला परवडतील अशी यायला नव्वदचं दशक संपावं लागलं. २००० साली आलेलं गार्मिनचं पिवळं ईट्रेक्स पुष्कळांना आठवत असेल. दोन पेन्सिल सेल घालायचे, उघड्या आकाशाखाली धरायचं आणि उपग्रह सापडेपर्यंत वाट बघायची. चालत राहिलं की ते मागे ठिपक्यांची रेघ ठेवत जाई. ती रेघ म्हणजे 'ट्रॅक', आणि मुद्दाम नोंदवलेली एकेक जागा म्हणजे 'वेपॉइंट'.

रेघ यंत्रात उमटली. आता ती बाहेर कशी काढायची?

यंत्राच्या पाठीवर रबराच्या झाकणाखाली चार टोकांची खाच होती. त्यासाठी खास केबल. तिचं दुसरं टोक संगणकाच्या मागच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टात. पुढे नव्या लॅपटॉपना हा पोर्टच राहिला नाही, मग मध्ये आणखी एक यूएसबीचा जोड. यंत्र आणि संगणक यांनी एकाच वेगानं आणि एकाच बोलीत बोलायला हवं, नाहीतर पडद्यावर काहीच नाही. गार्मिनच्या यंत्रांची आपली एक बोली होती. सगळ्यांना समजणारी दुसरी बोली एनएमईए ०१८३ नावाची. ती १९८३ मध्ये बोटींवरच्या उपकरणांसाठी ठरवली गेली. तिचा वेग सेकंदाला ४८०० बिट, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात डॉलरच्या चिन्हानं.

या बोलीत एक गंमत आहे. अक्षांश अंश आणि मिनिटं एकाला एक चिकटवून लिहितात. राजगडाचा अक्षांश १८ अंश १४.७७ मिनिटं, तर तो १८१४.७७ असा येतो. हे ज्याला ठाऊक नाही तो सरळ दोन आकड्यांनंतर टिंब देऊन १८.१४७७ अंश असं वाचतो. पण अंशात साठ मिनिटं असतात, शंभर नव्हेत! खरा आकडा १८.२४६. रेखांशाचंही तसंच केलं, तर राजगड अकरा किलोमीटर दक्षिणेला आणि जवळजवळ तीस किलोमीटर पश्चिमेला सरकतो. म्हणजे घाट उतरून कोकणात, महाडच्या उत्तरेला सात-आठ किलोमीटरांवर. महाराजांची पहिली राजधानी दुसरीच्या पायथ्याकडे निघाली, असं म्हणायचं!

बोलीची अडचण संपली की लिपीची सुरू. प्रत्येक सॉफ्टवेअरची फाइल वेगळी. गार्मिनचं मॅपसोर्स आपल्याच पद्धतीनं जपून ठेवी. डोंगरात फिरणाऱ्यांना आवडणारं ओझीएक्सप्लोरर हे ऑस्ट्रेलियातलं सॉफ्टवेअर. त्यात कागदी नकाशा स्कॅन करून घालायचा, त्यावरच्या चार-सहा ठिकाणांचे अक्षांश-रेखांश सांगायचे, की तो नकाशा 'जिवंत' होई आणि त्यावर आपली रेघ उमटे. पण ओझीच्या फाइलीत उंची फुटांत लिहिलेली असते. ती मीटर समजून वाचली की १,४०३ मीटरांचा तोरणा एकदम ४,६०० मीटरांचा होऊन हिमालयात शोभेल असा दिसतो.

या गोंधळात दोन कामं फार मोलाची झाली. पहिलं, जीपीएसबेबल नावाचं मोफत सॉफ्टवेअर. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट लाइप यांनी ते सुरू केलं आणि पुढे अनेकांनी हातभार लावला. त्याचं काम दुभाष्याचं. या फाइलीतून घे, त्या फाइलीत लिही. शंभराहून अधिक लिप्या ते वाचतं. बेबलच्या मनोऱ्याची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना नावातली खोच कळेल. एकमेकांची भाषा न कळल्यामुळे मनोरा अर्धा राहिला, इथे तो पुन्हा बांधायला घेतला.

दुसरं, जीपीएक्स नावाची फाइल. टोपोग्राफिक्स या छोट्या कंपनीच्या डॅन फॉस्टर यांनी २००२ मध्ये ती आणली, आणि २००४ ची तिची सुधारित आवृत्ती आजही चालते. मला ही फाइल शिक्षक म्हणून आवडते. साध्या मजकूर-संपादकात उघडली तरी वाचता येते. प्रत्येक ठिपक्यासमोर 'लॅट' म्हणून अक्षांश, 'लॉन' म्हणून रेखांश, त्याखाली उंची, त्याखाली वेळ. प्रत्येक आकड्याच्या कपाळावर त्याचं नाव लिहिलेलं. याउलट गूगल अर्थची केएमएल फाइल. तिच्यात आधी रेखांश, मग स्वल्पविराम, मग अक्षांश. आपण शाळेत 'अक्षांश-रेखांश' घोकतो, ती 'रेखांश-अक्षांश' मागते. हातानं आकडे भरणाऱ्याचं पुणं बेअर बेटाकडे निघतं ते इथे. आमच्या वर्गात उदाहरणाच्या उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण कापायची पद्धत होती. पोरांना तो छळ वाटे. जीपीएक्स ही त्या अर्ध्या गुणाची किंमत ओळखणारी फाइल आहे.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, जी दिसत नाही म्हणून फसवते.

आमच्या मुलांनी भोरच्या बाजूनं कोकणात उतरणाऱ्या एका वाटेचा ट्रॅक आणला. जुना सर्वेक्षणाचा नकाशा स्कॅन करून त्यावर टाकला. वाट कड्याच्या धारेवरून जाणारी, पण पडद्यावरची रेघ धारेला समांतर, शंभरेक मीटर बाजूला, जिथे खाली सरळ दरी आहे. एकजण म्हणाला, "सर, जुळेपर्यंत रेघ सरकवतो." मी म्हटलं, "थांब. रेघ खोटी नसेल, नकाशाही खोटा नसेल. आधी नकाशाच्या समासातला मजकूर वाच." उत्तर तिथेच होतं.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, दोन्ही ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. किती चपटी, हे मानल्याशिवाय अक्षांश-रेखांश काढता येत नाहीत. जॉर्ज एव्हरेस्ट यानं भारतातल्या मोजणीवरून १८३० मध्ये पृथ्वीचा एक आकार ठरवला. त्यात विषुववृत्ताची त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर येते. जीपीएस ज्याच्यावर चालतं त्या डब्ल्यूजीएस ८४ या आकारात ती ६३,७८,१३७ मीटर आहे. फरक ८६१ मीटरांचा. शिवाय एव्हरेस्टच्या आकाराचा आरंभबिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कल्याणपूरला, आणि तो आकार भारताच्या अंगाला नीट बसावा असा शिवलेला. डब्ल्यूजीएस ८४ चं केंद्र थेट पृथ्वीच्या पोटात. परिणाम असा, की एकाच दगडाचे दोन्हींमधले अक्षांश-रेखांश वेगळे येतात. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात हा फरक साधारण शंभर-दीडशे मीटरांचा. सपाट रानात त्याचं काही वाटणार नाही. सह्याद्रीच्या धारेवर मात्र शंभर मीटर म्हणजे जीव आणि मरण यांच्यामधलं अंतर. धुक्यात यंत्रावर विसंबून चालणारा माणूस त्या रेघेवरून खरंच दरीत जाईल.

नकाशा कुठल्या आकारावर आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलं, आणि न सरकवता रेघ धारेवर जाऊन बसली. त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हातानं सरकवली असती तर एका जागी जुळली असती आणि दुसरीकडे बिघडली असती, ते वेगळंच.

हा काही आपल्याकडचाच दोष नाही, बरं का. ग्रिनिचला पितळी पट्टीवर दोन पाय फाकून, शून्य रेखांशावर उभं राहून लोक फोटो काढतात. तिथे जीपीएस धरलं तर शून्य दाखवत नाही. शून्य सापडतं १०२ मीटर पूर्वेला, बागेत. (परदेशी राहणाऱ्या भाचे-पुतण्यांनी तिथे गेल्यास जरूर करून पाहावं.)

भारतीय सर्वेक्षण विभागानं १९ मे २००५ च्या नकाशा धोरणात नागरिकांसाठी 'ओपन सिरीज' नकाशे वेगळे काढले आणि ते डब्ल्यूजीएस ८४ वर आणले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर भारतीयांना नकाशे करायला आधी परवानगी घेण्याची गरजच बहुतांशी काढून टाकली. ज्या पिढीला किनाऱ्याकडचे नकाशे 'प्रतिबंधित' म्हणून दुरूनच बघायची सवय, तिला हा केवढा पालट वाटतो हे तरुणांना कळणं कठीण.

वेळ आणि उंची यांच्याबद्दल थोडक्यात. यंत्र आपल्या फाइलीत जागतिक वेळ लिहितं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. पहाटे पाचला निघालेली मंडळी फाइलीत आदल्या दिवशी रात्री साडेअकराला निघालेली दिसतात. कॅमेऱ्यातले फोटो वाटेवर बसवताना हे धरलं नाही, तर पायथ्याच्या देवळाचा फोटो भलत्याच ठिकाणी चिकटतो. उंचीचं असं, की यंत्र मूळ गणित करतं ते त्या मानलेल्या आकारापासून, समुद्रपातळीपासून नव्हे. भारताच्या दक्षिणेला समुद्रपातळी त्या आकारापेक्षा शंभर मीटरांहूनही खाली आहे, आपल्या कोकणात साठेक मीटर. ही दुरुस्ती बहुतेक यंत्रं आपणच करतात. पण ती कधी केलेली असते, कधी नसते, आणि मग हरणे बंदरावर उभा माणूस समुद्राखाली साठ मीटर दिसतो.

आणि शेवटी नावं. हा माझा प्रांत.

त्या पिढीतल्या काही यंत्रांत जागेच्या नावाला फक्त सहा अक्षरं मिळत, तीही रोमन. राजगड त्यात बरोब्बर मावतो. तोरणाही. हरिश्चंद्रगडाचं काय? मुलं स्वर गाळून व्यंजनांची मोळी बांधून आणत. घरी आल्यावर ज्यानं लिहिलं त्यालाही आठवेना, की ही अक्षरं म्हणजे म्हसोबाची खिंड की म्हशीचं पाणी. नकाशावर ठिपका अचूक, तीन-चार मीटरांत. पण त्याला हाक मारायची सोय नाही.

भोरकडच्या त्या वाटेवर धनगरवाड्यातले एक आजोबा मुलांबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत आले होते. पाण्याचं टाकं कुठलं बारमाही, कुठलं होळीला आटतं, कोरीव पायऱ्या कुठे मातीखाली गेल्या आहेत, बैल कुठून उतरत, मीठ घेऊन येणारे कुठे मुक्काम करत, हे सगळं त्यांना पाठ. प्रत्येक वळणाला त्यांच्याकडे नाव होतं. खाली डांबरी रस्ता झाल्यापासून त्या वाटेनं कोणी जात नाही. कारवी वाढली की वाट मिटते. नाणेघाटाला सातवाहनांचा शिलालेख आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, त्यामुळे त्याला इतिहास विसरणार नाही. पण अशा शेकडो वाटा आहेत ज्यांच्या नावानं एक ओळ कुठे कोरलेली नाही. त्यांचा शिलालेख म्हणजे हे आजोबा.

मुलांनी शहाणपणा केला. यंत्रात सहा अक्षरं नोंदवली, पण सोबत शाळेची दोनशे पानी वही ठेवली आणि त्यात आजोबांच्या तोंडून आलेलं नाव जसंच्या तसं देवनागरीत उतरवलं. वहीतला क्रमांक आणि यंत्रातला क्रमांक एक. घरी आल्यावर मी जीपीएक्स फाइलीत एकेका ठिपक्याला त्याचं खरं नाव दिलं. (ही फाइल देवनागरी आनंदानं घेते.) पुढल्या पावसाळ्यात आजोबा गेले. त्यांच्या घरच्यांना आम्ही तो नकाशा छापून दिला, नावं मोठ्या टाइपात. त्यांच्या सूनबाई वाचताना एका ठिकाणी थांबल्या आणि म्हणाल्या, "हे नाव आमच्या आत्याबाईच घ्यायच्या."

याउलटही पाहिलं आहे. ओळखीतले एक जुने गिर्यारोहक, आता नाहीत. त्यांचं यंत्र त्यांच्या मुलानं मला दाखवलं. सेल घातले की चालू होतं, आत रेघा दिसतात, बारक्या करड्या पडद्यावर. पण त्या यंत्राची केबल हरवलेली आणि तसली सहजासहजी मिळत नाही. शिवाय त्या जातीची यंत्रं जागा भरली की जुन्यावर नवं लिहीत, आणि रेघ जपून ठेवताना ठिपके विरळ करून वेळ गाळून टाकत. म्हणजे बाहेर आलं तरी किती येईल, कोण जाणे. त्यांनी वीस वर्षं चालून काढलेलं ज्ञान मुठीएवढ्या डबीत आहे आणि दार उघडत नाही. नैनसिंहांचं प्रार्थनाचक्र सापडावं, पण ते उघडायची कळ विसरलेली असावी, तसं.

आता फोनच जीपीएस झाला आहे. केबल नाही, पोर्ट नाही, बोट लावलं की रेघ नकाशावर. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला तेव्हा लोक यंत्रं घेऊन सायकलीवरून गल्ल्या फिरत आणि घरी जाऊन आपापल्या रेघा चढवत. त्यातून उभा राहिलेला नकाशा आज सगळ्या जगाचा आहे, आणि आपल्या वाटाही त्यात कुणालाही नोंदवता येतात. सोय वाढली, याचा मला आनंदच आहे. फक्त एक जाणवतं. प्रवास दिसेनासा झाला की प्रश्न विचारायची सवय जाते. रेघ फोनमध्ये आहे म्हणजे ती आपली आहे, असं वाटतं. ते ॲप बंद पडलं, फोन बदलला, खातं विसरलं, की पुन्हा तीच डबी.

म्हणून माझ्या मुलांना मी सांगून ठेवलं आहे. आल्या दिवशी रेघ जीपीएक्समध्ये बाहेर काढा. दोन ठिकाणी ठेवा. सोबत एक साधा कागद ठेवा. त्यावर तारीख, कोण गेलं, कुठलं यंत्र, वेळ कुठली, उंची कशात, आणि वाट दाखवणाऱ्या माणसाचं नाव, त्यांनी सांगितलेल्या नावांसकट. शंभर वर्षांनी यंत्र कुठलं होतं याच्याशी कुणाला कर्तव्य नसेल. पण म्हसोबाची खिंड कुठे आहे आणि तिला म्हसोबाची खिंड का म्हणत, हे विचारणारं एखादं पोर असेल. त्याच्यापर्यंत आकडा पोचेलच. जागाही पोचावी.

असो. मास्तराला कागद मिळाला की लांबतंच.